दिवसाला दहा पिशव्या

आधीच सांगून टाकतो, म्हणजे मध्येच कोणी माझ्याबद्दल बरं मत करून घ्यायला नको. माझ्या आत्याची एकतीस वर्षांची नोकरी माझ्यामुळे गेली. चार आठवडे हे मला माहीत होतं आणि तिला नव्हतं. त्या चार आठवड्यांत मी दर रविवारी तिच्या घरी जाऊन, तिच्या समोर बसून, तिच्या हातचं जेवत होतो. आता पुढे वाचायचं तर वाचा.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. आई मी पाच वर्षांचा असताना गेली आणि वडील मालवाहू बोटीवर नोकरीला, म्हणजे वर्षातले नऊ महिने पाण्यावर. त्यामुळे मला वाढवलं ते आत्यानंच. तिनं लग्न केलं नाही. का नाही केलं, असं कोणी खोदून विचारलं की म्हणायची, "एक पुरुष वाढवून बघितला, पुरे झालं बाई." तो एक पुरुष म्हणजे मी. मला ती शहाण्या म्हणायची. कधी लाडानं, कधी चिडून, पण दुसऱ्या कुठल्या नावानं तिनं मला हाक मारल्याचं आठवत नाही.

ती एका कारखान्यात पुसायचं काम करायची. असं सांगितलं की लोकांना वाटायचं फरशी पुसते, आणि मग आत्याचं डोकं फिरायचं. "फरशी पुसायला काय लागतं? फडकं आणि गुडघे. माझं काम करून दाखवा म्हणावं!" खरंच होतं तिचं. मोबाइलमध्ये, गाडीत, कपडे धुण्याच्या मशीनमध्ये ज्या चिप असतात, त्या बनवायला घराएवढाली मशीन लागतात. तिचा कारखाना ती मशीन बनवायचा. त्या मशीनच्या आतल्या भागावर धुळीचा एक कण जरी राहिला तरी पुढे हजारो चिप वाया जातात. म्हणून प्रत्येक भाग मशीनमध्ये बसवायच्या आधी हातानं पुसायचा. डोक्यापासून पायापर्यंत पांढरा पोशाख, दिसतात ते फक्त डोळे. फडक्याची चौपदरी घडी घालायची, त्याला थोडं अल्कोहोल लावायचं आणि एकाच दिशेनं पुसायचं. एकदा हात फिरवला की घडी पलटायची, वापरलेली बाजू पुन्हा लावायची नाही. मग तिरप्या दिव्याखाली भाग धरून बघायचा. स्वच्छ असेल तर एका पिशवीत, ती दुसऱ्या पिशवीत, आतली हवा ओढून तोंड बंद, आणि वर आपल्या नंबरचं लेबल. आत्याचा नंबर सतरा. दिवसाला ती चाळीस पिशव्या बंद करायची.

हे सगळं मला लहानपणापासून पाठ. रोज संध्याकाळी घरी आली की चहा पिता पिता ती सगळा दिवस सांगून मोकळी व्हायची. कोण कोणाला काय बोललं, कुठला भाग परत आला, सुपरवायझरबाईंनी कोणाला झापलं, शिडीनं आज काय गंमत केली. शिडी म्हणजे शेजारच्या टेबलावरची तिची मैत्रीण. ताडमाड उंच, म्हणून शिडी. त्या दोघींनी बावीस वर्षं एकमेकींच्या कोपराला कोपर लावून पुसलं. मी शिडीला कधी पाहिलं नव्हतं, पण तिच्या सुनेला कुठली भाजी चालत नाही हेसुद्धा मला माहीत होतं. आत्याला माझ्यापासून काही लपवायची सवयच नव्हती.

आणि या सवयीचं मी काय केलं ते ऐका.

मी एका सल्लागार कंपनीत काम करतो. कुठल्या कंपनीचे शेअर घ्यावेत, कुठले विकावेत, हे आम्ही मोठ्या गुंतवणूकदारांना सांगतो. माझ्याकडे नेमका हाच उद्योग आहे, चिप बनवणारी मशीन बनवणाऱ्या कंपन्यांचा. तोही आत्याच्याच पुण्याईनं मिळाला. मुलाखतीत मी धडाधड असे शब्द फेकले की समोरचे आ वासून बघत राहिले, आणि त्यातला एकही शब्द पुस्तकातला नव्हता. सगळे चहाच्या कपावरून ऐकलेले.

हा उद्योग मोठा विचित्र आहे. चिप बनवणाऱ्यांना मंदीची नुसती शंका आली तरी ते सगळ्यांत आधी नवीन मशीनची ऑर्डर थांबवतात. तेजी दिसली की सगळे एकदम रांग लावतात. त्यामुळे या कंपन्यांचे शेअर चढतात तेही धाडकन आणि पडतात तेही धाडकन. पुढच्या वर्षी काय होणार हे सहा महिने आधी सांगेल तो हुशार, आणि ते सांगण्यासाठीच आम्हाला पगार मिळतो. आता खरं सांगू का? कोणालाच काही माहीत नसतं. आम्ही एकमेकांचे अहवाल वाचतो, थोडे आकडे इकडचे तिकडे करतो आणि गंभीर चेहरा करून छापतो. उंटावरून शेळ्या हाकायचा धंदा आहे सगळा. पण ज्याच्याकडे कारखान्याच्या आतली एखादी खबर असते, त्याच्याकडे बाकीचे मान वर करून बघतात.

मला तशी मान वर करून बघणारी माणसं हवी होती. तीन वर्षं मी त्या ऑफिसात होतो आणि मोठ्या साहेबांना माझं नाव धड आठवत नव्हतं.

तर त्या रविवारी दुपारी जेवण झालं होतं. आत्या खिडकीपाशी बसून बटाटे सोलत होती, संध्याकाळसाठी. मी सहज विचारलं, "काय गं, काम कसं चाललंय?"

"काम कुठलं? हात रिकामेच असतात हल्ली," ती म्हणाली. तिनं मान वर केली नाही.

"म्हणजे?"

"म्हणजे काय, काम नाही. काल चार तास नुसती फडक्यांच्या घड्या घालत बसले होते."

मी कान टवकारले. आई शप्पथ सांगतो, त्या क्षणी समोर आत्या नव्हतीच. समोर खबर होती. मी खुर्ची पुढे ओढली, आवाजात होती नव्हती ती माया आणली आणि विचारलं, "कधीपासून गं?"

"झाला असेल दीड महिना."

"आणि पिशव्या किती होतात मग? पूर्वी चाळीस व्हायच्या ना तुझ्या?"

"दहा. फार तर दहा." मग पुढचा बटाटा उचलत म्हणाली, "तुला रे काय करायचंय? बटाटे सोल त्यापेक्षा."

मी उठलो, हात धुवून येतो म्हणालो, न्हाणीघरात गेलो, कडी लावली आणि फोनमध्ये लिहून घेतलं. चाळीसवरून दहा. दीड महिना. बाहेर येऊन मी तिला बटाटे सोलायला मदत केली. हे लिहितानाही कान तापतात माझे.

त्याच रात्री मी त्या कंपनीवरचा अहवाल लिहायला घेतला. त्यात मी इकडून तिकडून दहा पानांचे तक्ते घातले. चिप कंपन्यांचे खर्चाचे आराखडे, गोदामातला साठा, मागच्या तीन मंद्यांशी तुलना. पण तो सगळा नुसता थाट होता. आत मुद्दा एकच, आत्याच्या दहा पिशव्या. बाकी सगळे सल्लागार त्या कंपनीचे शेअर घ्या घ्या म्हणून ओरडत असताना मी लिहिलं, विका. मागणी ओसरली आहे, घसरण कारखान्याच्या आत सुरू झालेली आहे.

मोठ्या साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "एवढ्या जोरात कशाच्या जिवावर लिहितोयस?"

"आतली माहिती आहे सर. खात्रीची."

"कोणाची? नाव नको सांगू. माणूस कसला आहे ते सांग."

ऑफिसचा नियम असा होता की असली खबर वापरायचीच नाही. तो नियम मला माहीत होता, साहेबांना तर माझ्याहून जास्त. मी तोंड बंद ठेवायला हवं होतं. निदान "एक कामगार" एवढंच म्हणायला हवं होतं. पण मला फुशारकी मारायची होती. "सफाईच्या टेबलावरची सगळ्यात जुनी बाई आहे सर. दिवसाला चाळीस पिशव्या बंद करायची, आता जेमतेम दहा करते."

साहेब खूश. पहिल्यांदाच त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मी घरी जाताना आत्यासाठी एक शाल घेतली, आणि त्यात मला काही खटकलंसुद्धा नाही.

पुढच्या सोमवारी अहवाल गेला. दुपारपर्यंत कंपनीचा शेअर दणकून आपटला. मंगळवारी त्या कंपनीतून फोन आला. गुंतवणूकदारांना उत्तरं देणारी एक बाई होती, संतापलेली. साहेबांनी मला शेजारी बसवून फोन स्पीकरवर टाकला. ती म्हणाली, आमच्या ऑर्डरी भरभरून आहेत, तुम्ही कशाच्या आधारावर लिहिलं? साहेबांना जोर चढला होता. ते खुर्चीत मागे रेलले आणि म्हणाले, "मॅडम, मग तुमच्या सफाईच्या टेबलावरची सगळ्यात जुनी बाई चाळीसच्या जागी दहा पिशव्या का बंद करते, तेवढं सांगा."

ती बाई अगदी सावकाश म्हणाली, "आकडे पुन्हा सांगता का?" आणि साहेबांनी सांगितले. ती लिहून घेत होती हे मला कळलं. मी हात वर करू शकलो असतो, साहेबांचा हात धरू शकलो असतो, निदान त्याच संध्याकाळी आत्याला फोन करून सावध करू शकलो असतो. मी मूग गिळून बसलो. एवढा मोठा कारखाना, कोण शोधतंय, अशी मी स्वतःची समजूत घातली.

शोधायला त्यांना एक सकाळ लागली.

पुढच्या रविवारी मी गेलो तेव्हा आत्या घरच्या कपड्यांवर, केस न विंचरता खुर्चीत बसली होती. तिला तसं मी तिच्या तापातसुद्धा पाहिलं नव्हतं. मला बघून म्हणाली, "ये शहाण्या. मला काढलं रे कामावरून."

बुधवारी तिला वर बोलावलं होतं. टेबलामागे सहा माणसं. सुपरवायझरबाई, दोन मॅनेजर, बाकीचे तिनं कधी पाहिलेले नव्हते. कामाला लागताना एक कागद सही करून घेतात, आतलं काही बाहेर बोलणार नाही म्हणून. तो तिच्यापुढे ठेवला. चाळीस आणि दहा हे आकडे बाहेर गेलेत, ते तुमच्या टेबलाचे आहेत, कोणाशी बोललात?

"मी सांगितलं, बाहेरच्या कोणाशी एक अक्षर बोललेले नाही. देवाशपथ सांगितलं. ते ऐकेनात."

मी "हं" म्हणालो.

"आणि मग सुपरवायझरबाई काय म्हणाली माहीत आहे?" आत्यानं पदराच्या टोकानं नाक पुसलं. "तुला मी एक खोटं बोलले होते रे. काम नाही म्हणून सांगितलं ना? काम ढिगानं होतं. मलाच देत नव्हते. माझा हात थरथरतो आता. फडकं उलटं फिरतं, भागावर रेघ राहते, आणि ती मला दिसतही नाही. एका आठवड्यात सव्वीस भाग परत आले माझे, सतरा नंबर लावलेले. मग त्यांनी सोपे दहा भाग द्यायला सुरुवात केली आणि बाकीचा वेळ घड्या घालायला. तुला काय सांगू? लाज वाटली. आणि त्या दिवशी त्या सहा माणसांसमोर सुपरवायझरबाई म्हणाली, काम सगळ्या टेबलांवर आहे, फक्त तुमच्या टेबलावर नाही, आणि ते का नाही हे तुम्हाला माहीत आहे. नोकरीचं काही नाही रे. पण ते असं चारचौघांत..."

तिला आठ महिने उरले होते. त्यांच्याकडे एक रीत आहे. पुसणारी बाई मानानं निवृत्त झाली की तिचा नंबर पुन्हा कोणाला देत नाहीत. पितळेच्या बिल्ल्यावर कोरून पोशाखघराच्या भिंतीवर लावतात. सहा बिल्ले होते भिंतीवर, सातवा तिचा लागायचा होता. काढून टाकल्यावर दुसऱ्याच दिवशी सतरा नंबर एका नव्या मुलीच्या खिशावर लावला. ही बातमी तिला बाजारात भेटलेल्या कोणीतरी दिली, हळहळत.

आता माझी अवस्था बघा. आत्या सांगत असताना मला एकदम दोन गोष्टी कळल्या. तिचा गळा मी कापला, ही एक. आणि माझा अख्खा अहवाल खोटा आहे, ही दुसरी. मंदी वगैरे काही नव्हतं, माझ्या आत्याचा हात थरथरत होता, बस. आणि मला सगळ्यांत आधी भीती कशाची वाटली? दुसऱ्या गोष्टीची. परत जाताना वाटभर मी माझ्याच नोकरीचा विचार करत होतो.

मी अहवाल मागे घेतला नाही. साहेबांना काही सांगितलं नाही. आत्याला तर नाहीच. तीन आठवड्यांनी कंपनीचे आकडे जाहीर झाले, ऑर्डरी आजवरच्या सगळ्यांत जास्त. शेअर होता त्याच्याही वर गेला. मी चांगला तोंडघशी पडलो. साहेबांनी अर्धा तास झाडलं, ऑफिसातले दोन आठवडे माझ्याकडे बघून खोकले, आणि मग सगळे विसरले. आमच्या धंद्यात चुकलेला अंदाज फार लवकर शिळा होतो. मी अजून तिथंच आहे, त्याच उद्योगावर लिहितो.

पण एक माणूस फुकट भरडला जात होता. आत्यानं स्वतःशी हिशेब जुळवला होता. दहा पिशव्या होतात हे बाहेर कोणाला माहीत असणार? टेबलाच्या शेजारचीला. मी कोणाशी बोलले नाही, म्हणजे तीच बोलली. "बावीस वर्षं माझ्या डब्यातलं खाल्लं रे तिनं," आत्या दर रविवारी म्हणायची, "आणि केसानं गळा कापला." शिडीचे फोन ती उचलत नव्हती. आणि मी? मी म्हणायचो, "जाऊ दे आत्या, नको मनाला लावून घेऊस." असं म्हणायचो आणि ताटाकडे बघत जेवायचो. एकदा तर तिनं विचारलं, "तूच सांग, तिनं केलं असेल ना?" आणि मी खांदे उडवले. अंगात किडे पडावेत अशी ही गोष्ट आहे.

चौथ्या रविवारी आम्ही चहा पीत होतो आणि दारावर थाप पडली. आत्या उठली. दार चार बोटं उघडलं. बाहेर उंचच उंच बाई, एका हातानं गुडघा धरून, दुसऱ्या हातात कापडी पिशवी. मी न सांगता ओळखलं.

"तुझ्या कपाटातलं सामान आहे," शिडी म्हणाली. "चष्मा, चपला आणि तो स्वेटर. फेकून देत होते, मी उचलून आणलं. अगं, माझा फोन तरी घे..."

आत्यानं फटीतून हात घालून पिशवी ओढून घेतली. "मिळालं. आता काय बघायला आलीस, मेले की जिवंत आहे? तुझी जीभ झडो!" आणि दार आपटलं. मग दाराला पाठ लावून उभी राहिली. बाहेर शिडी एक एक पायरी उतरताना ऐकू येत होती. गुडघा दुखत असल्यामुळे फार सावकाश उतरत होती.

"आत्या," मी म्हणालो. "ती नाही. मी."

"काय मी?"

"तुझे आकडे मी सांगितले. आमच्या साहेबांना. अहवालात घातले. साहेबांनी तुझ्या कंपनीत फोनवर सांगितले. सगळ्यात जुनी बाई, असं मीच म्हणालो होतो."

तिला समजायला वेळ लागला. ती परत खुर्चीत बसली, पिशवी मांडीवर घेऊन. मला वाटलं आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"पण मी तर बाहेरच्या कोणाशी बोललेच नव्हते," ती म्हणाली.

"माझ्याशी बोलली होतीस."

"हो. पण तुला मी बाहेरचा कुठे धरलं होतं?"

मी तिच्या पायाशी जाऊन बसलो, काहीतरी बोलत होतो. चूक झाली, मला कळलं नाही, मला वाटलं नव्हतं, असलंच सगळं. तिचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मध्येच म्हणाली, "तिला मी काय काय बोलले रे. फोन नाही उचलला. आता जीभ झडो म्हणाले." आणि मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि तू इथं बसून ऐकत होतास. चार रविवार. जेवत होतास."

"हो."

"नोकरी गेली, ते एक असू दे. पण हे तू का ऐकून घेतलंस?"



ती उठली. पिशवीतल्या त्याच चपला बाहेर काढून पायात घातल्या. "चल. तू सांगायचंस तिला. मी नाही सांगणार."

शिडी हल्लीच दोन गल्ल्या पलीकडे राहायला आली होती, एका शिंप्याच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर. नुकतीच घरी पोचली असावी, दार उघडलं तेव्हा धापा टाकत होती. आत्याला बघून तिचं तोंड कसंनुसं झालं. आत्यानं मला पुढे केलं.

मी पुटपुटलो. आत्या म्हणाली, "मोठ्यानं. तिला कमी ऐकू येतं."

तर मी जिन्यात उभं राहून मोठ्यानं सांगितलं. मी भाचा. मी आकडे विचारून घेतले. मी न्हाणीघरात जाऊन लिहून घेतले. साहेबांना मी सांगितलं. तुमचा काही संबंध नव्हता, आणि हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. समोरच्या घराचं दार उघडलं, तिथून एक म्हातारा डोकावला. खालून शिंप्याची मशीन बंद झाली. शरमेनं मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला तोवर माहीत नव्हतं.

शिडीनं माझ्याकडे एकदा नीट बघितलं. मग आत्याला म्हणाली, "आत ये गं तू. किती वेळ उभी राहशील?" मीही एक पाऊल उचललं. "तू नाही," ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं.

मी खाली रस्त्यावर येऊन थांबलो. तासाभरानं आत्या उतरली. डोळे सुजलेले, पण केस विंचरलेले होते. शिडीनं विंचरले असावेत. काही वेळ आम्ही शेजारी शेजारी चाललो.

"तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ना, तेव्हा ती दहा दिवस रजेवर होती," आत्या म्हणाली. "त्याच दहा दिवसांत माझे भाग परत यायला लागले. मला वाटलं माझा हात तेव्हाच बिघडला. हात दीड वर्षापूर्वीच बिघडला होता रे. ती माझे भाग पुन्हा पुसत होती. मी जेवायला गेले की, पाळी संपली की. मला कळूसुद्धा दिलं नाही तिनं."

कोपऱ्यावर आल्यावर ती थांबली.

"रविवारी येत जा," ती म्हणाली. "जेवायला येत जा. तेवढं मी तोडणार नाही. पण मला काही विचारत जाऊ नकोस."

ही गोष्ट होऊन आता दीड वर्ष झालं. मी एकही रविवार चुकवलेला नाही. दोघी मैत्रिणी रोज भेटतात हे मला आत्याच्या घराखालच्या दुकानदाराकडून कळतं. तिच्या हातावर काही उपचार चालले आहेत हेही त्याच्याचकडून. आत्या मला दार उघडते, वाढते, आणखी हवं का विचारते. पाऊस आहे, ऊन आहे, रस्ता खणलाय, एवढं बोलणं होतं. पूर्वी मला तिला तोंड बंद कर म्हणावं लागायचं. शहाण्या म्हणणं तिनं सोडलंय.

परवा तिच्या कपाळावर टेंगूळ होतं, चांगलं लिंबाएवढं, काळंनिळं. माझ्या तोंडून निघून गेलं, "अगं, काय झालं? पडलीस कुठे?"

"काही नाही," आत्या म्हणाली, आणि भाताचं भांडं माझ्याकडे सरकवलं.